टेनिससम्राज्ञी सुझान लाँग्लेन

हॉकी, फुटबॉल किंवा कबड्डी या खेळांत वेळेची मर्यादा ठरलेली असते. आघाडीवर असलेल्या संघाने उरलेली काही मिनिटे कशीबशी निभावून नेली, तरी विजय त्याच्या पदरी पडतो. टेनिसचे तसे नाही. या खेळात घड्याळाला स्थान नाही. प्रतिस्पर्धी कितीही मागे पडलेला असो, शेवटचा गुण प्रत्यक्ष जिंकल्यावाचून कोणी विजयी होत नाही. आणि तो गुण गमावेपर्यंत कोणी पराभूतही ठरत नाही. त्यामुळे अंगातील बळ व हातातील कौशल्य यांच्याइतकीच मनाची स्थिरता येथे कसास लागते. या कसोटीस अनेकवार उतरलेली, एकदा मात्र तीत कमी पडलेली, आणि तरीही पुन्हा ताठ उभी राहिलेली एक फ्रेंच स्त्री पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात साऱ्या जगाच्या कौतुकाचा विषय झाली होती. तिचे नाव सुझान लाँग्लेन.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिस येथे झाला. तिचे वडील शार्ल लाँग्लेन यांचा घोड्यांच्या प्रवासी गाड्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय होता. पुढे तो विकून ते उत्तर फ्रान्समधील एका खेड्यात कुटुंबासह राहू लागले. हिवाळा आला, की हे कुटुंब दक्षिणेस भूमध्य समुद्राच्या काठी असलेल्या नीस या शहरी मुक्काम हलवीत असे. तेथे त्यांच्या घरासमोरच टेनिसची मैदाने होती, आणि युरोपातील नामांकित खेळाडू थंडीच्या दिवसांत तेथे खेळावयास येत असत. सुझान लहानपणी अशक्त होती. दम्याच्या विकाराने तिला वरचेवर त्रास होई. मोकळ्या हवेतील खेळाने तिची प्रकृती सुधारेल या आशेने १९१० साली वडिलांनी तिच्या हाती एक साधी रॅकेट दिली. त्या वेळी ती अकरा वर्षांची होती. औषध म्हणून आणलेली ही वस्तू पुढे तिचे जीवनच बनेल, अशी कल्पना तेव्हा कोणास असणे शक्य नव्हते.

आजच्या स्वरूपातील टेनिस त्या वेळी फार जुने नव्हते. हिरवळीवर खेळावयाचा हा खेळ इंग्लंडमध्ये १८७४ च्या सुमारास लोकांपुढे आला. १८७७ साली लंडनच्या विम्बल्डन या उपनगरात पहिली मोठी स्पर्धा भरली, आणि त्या निमित्ताने मैदानाचा आकार व गुणमोजणीची पद्धत यांना निश्चित रूप मिळाले. टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. दोघांच्या सामन्यासाठी त्याची रुंदी २७ फूट धरतात. चौघांच्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळवून ती ३६ फूट होते. मैदानाच्या मधोमध आडवे जाळे असते. त्याची उंची मध्यभागी ३ फूट, तर दोन्ही टोकांच्या खांबांपाशी साडेतीन फूट असते. जाळ्यापासून दोन्ही बाजूंस २१ फुटांवर एक आडवी रेषा काढतात, आणि तिच्या अलीकडील भागाचे उभ्या रेषेने दोन चौकोन करतात.

खेळाचा आरंभ ज्या फटक्याने होतो, त्यास सर्व्हिस म्हणतात. खेळाडूने मैदानाच्या शेवटच्या रेषेमागे उभे राहून चेंडू हवेत उडवावयाचा, आणि तो खाली पडण्यापूर्वी रॅकेटने असा मारावयाचा, की तो जाळ्यावरून जाऊन समोरच्या तिरप्या चौकोनात पडला पाहिजे. पहिली सर्व्हिस उजवीकडून, दुसऱ्या गुणासाठी डावीकडून, याप्रमाणे आळीपाळीने जागा बदलते. एक प्रयत्न चुकला, तर दुसरी संधी मिळते. दुसराही चुकला, तर गुण प्रतिस्पर्ध्यास जातो. चेंडू जाळ्यास चाटून योग्य चौकोनात पडला, तर तो फटका मोजीत नाहीत, पुन्हा मारू देतात. सर्व्हिस परतविणाऱ्याने चेंडूचा एक टप्पा पडू दिलाच पाहिजे. त्यानंतर मात्र चेंडू एका टप्प्यानंतर अथवा टप्पा पडण्यापूर्वीही परतविता येतो. जो चेंडू जाळ्यात अडकवितो, रेषेबाहेर मारतो, किंवा ज्याच्या बाजूस दोन टप्पे पडतात, तो तो गुण गमावतो. रेषेवर पडलेला चेंडू मैदानातच पडला, असे मानतात. हा शेवटचा नियम लहानसा दिसतो. परंतु तो सुझानच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या सामन्यात निर्णायक ठरावयाचा होता.

शार्ल लाँग्लेन स्वतः नाणावलेले खेळाडू नव्हते. परंतु त्यांची दृष्टी चिकित्सक होती. नीस येथे येणाऱ्या खेळाडूंचा खेळ ते तासन् तास पाहत, आणि कोणाचा कोणता फटका का यशस्वी होतो, याचा विचार करीत. त्या काळच्या बहुतेक स्त्रिया मागच्या रेषेजवळ उभ्या राहून सावधपणे चेंडू परतवीत असत. पुरुष मात्र पुढे धावून येत, चेंडू कोपऱ्यात मारीत आणि प्रतिस्पर्ध्यास उसंत मिळू देत नसत. आपल्या मुलीने पुरुषांप्रमाणे खेळावे, असे शार्ल यांनी ठरविले. ते मैदानावर ठिकठिकाणी हातरुमाल पसरून ठेवीत, आणि सुझानने चेंडू नेमका त्या रुमालावर टाकावा, असा त्यांचा आग्रह असे. चेंडू पलीकडे गेला एवढ्यावर समाधान मानणे त्यांना ठाऊक नव्हते; तो पलीकडे कोठे पडला, हे ते पाहत. शेकडो वेळा तोच फटका, तोच कोपरा. चूक झाली की बोलणी बसत. सरावासाठी तिच्यासमोर पुरुष खेळाडू उभे केले जात. शिवाय तिला नृत्याचेही शिक्षण मिळाले. त्यामुळे तिच्या हालचालींत असा काही लवचीकपणा आला, की ती धावते आहे की तरंगते आहे, असा भास पाहणाऱ्यास होई. वडिलांची ही शिस्त फार कठोर होती. तिच्यामुळे सुझानच्या हाती अचूकपणा आला. परंतु पराभवाची धास्तीही लहानपणापासून तिच्या मनात घर करून बसली.

या परिश्रमांचे फळ लवकरच दिसून आले. १९१४ साली फ्रान्सच्या अजिंक्यपद स्पर्धेत ती अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. तेथे मार्गरित ब्रोकेदी हिने तिचा पराभव केला. परंतु त्यानंतर लवकरच पॅरिसनजीक मातीच्या मैदानांवरील जागतिक स्पर्धा भरली, आणि तीत सुझान विजयी झाली. त्या वेळी ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. आता सर्वांचे लक्ष तिच्याकडे लागले. इतक्यात त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात महायुद्धाचा वणवा पेटला. मोठ्या स्पर्धा बंद पडल्या. सुझानच्या उमेदीची चार-पाच वर्षे अशी प्रतीक्षेत गेली. परंतु तिचा सराव थांबला नाही.

१९१९ साली विम्बल्डनची स्पर्धा पुन्हा सुरू झाली, आणि वीस वर्षांची सुझान प्रथमच इंग्लंडमध्ये खेळावयास आली. हिरवळीच्या मैदानाचा तिला अनुभव नव्हता. मातीपेक्षा हिरवळीवर चेंडू कमी उसळतो व अधिक वेगाने सरकतो. तरीही एकामागून एक प्रतिस्पर्धी तिने मागे सारले. त्या काळी विम्बल्डनमध्ये असा नियम होता, की मागील विजेत्याने प्राथमिक फेऱ्यांत खेळू नये. इतर सर्वांतून जो पुढे येईल, त्याच्याशी एकच शेवटचा सामना खेळावा. युद्धापूर्वीच्या, म्हणजे १९१४ च्या विजेत्या होत्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. चेंबर्सबाईंचे वय त्या वेळी चाळीस वर्षांचे होते, आणि सात वेळा त्यांनी हे अजिंक्यपद मिळविले होते. ५ जुलै रोजी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज व राणी मेरी यांच्या उपस्थितीत दोघींचा सामना सुरू झाला.

दोघी मैदानावर आल्या, तेव्हाच दोन युगे समोरासमोर उभी आहेत, असे प्रेक्षकांस वाटले. चेंबर्सबाईंचा पोशाख जुन्या रिवाजाप्रमाणे होता: घोट्यापर्यंत पोहोचणारा घोळदार झगा आणि मनगटापर्यंत बाह्या. सुझानचा झगा पोटरीपर्यंतच होता आणि बाह्या आखूड होत्या. अंग आवळून टाकणारी कंबरपेटी तिने बांधलेलीच नव्हती. काही प्रतिष्ठितांना हा पोशाख धीट वाटला. परंतु ज्या खेळात सतत धावावे, वाकावे आणि उडी घ्यावी लागते, तो खेळ पायांत घोटाळणाऱ्या वस्त्रांत कसा खेळावा? या प्रश्नास सुझानने शब्दांनी उत्तर दिले नाही. ते तिच्या खेळाने दिले.

पुढे जे घडले, त्याचे महत्त्व कळण्यासाठी टेनिसची गुणमोजणी समजून घेतली पाहिजे. या खेळात गुण एक, दोन, तीन असे मोजीत नाहीत. शून्यास लव्ह म्हणतात. पहिला गुण जिंकला म्हणजे १५, दुसरा जिंकला म्हणजे ३०, तिसरा जिंकला म्हणजे ४०, आणि चौथा जिंकला म्हणजे एक गेम पुरा होतो. गुण सांगताना सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी सांगतात. परंतु दोघेही ४० वर आले, तर त्या स्थितीस ड्यूस असे नाव आहे. हा शब्द मुळात फ्रेंच भाषेतील दोन या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे; कारण ड्यूसनंतर गेम जिंकण्यास ओळीने दोन गुण घ्यावे लागतात. पहिला गुण घेणाऱ्यास अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे आघाडी मिळते. पण पुढचा गुण त्याने गमावला, तर पुन्हा ड्यूस होतो. असे कितीही वेळा घडू शकते. प्रत्येक गेमनंतर सर्व्हिसची पाळी दुसऱ्याकडे जाते. जो सहा गेम जिंकतो, तो सेट जिंकतो. मात्र तेथेही किमान दोन गेमचे अंतर असावे लागते. सहा-पाच एवढ्यावर भागत नाही. स्त्रियांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकणारी विजयी होते. आज सहा-सहा अशी बरोबरी झाली, की टायब्रेक नावाचा एक विशेष गेम खेळवून सेटचा निकाल लावतात. विम्बल्डनमध्ये टायब्रेकचा अवलंब १९७१ पासून होऊ लागला. सुझानच्या काळी ही सोय नव्हती. दोन गेमचे अंतर पडेपर्यंत सेट चालूच राही.

या नियमांच्या मुळाशी एक न्यायाची कल्पना आहे. एका गुणाचा फरक दैवानेही पडू शकतो. लागोपाठ दोन गुण घेणाऱ्यानेच आपले श्रेष्ठत्व सिद्ध केले, असे हा खेळ मानतो. मागे पडलेल्यास तो शेवटपर्यंत संधी देतो, आणि पुढे असलेल्यास शेवटपर्यंत निश्चिंत होऊ देत नाही.

सामन्याचा पहिला सेट सुझानने १०–८ असा महत्प्रयासाने जिंकला. दुसरा चेंबर्सबाईंनी ६–४ असा घेतला. तिसऱ्या सेटमध्ये सुझान ४–१ अशी पुढे गेली, आणि आता सामना संपला, असेच अनेकांना वाटले. परंतु अनुभवी चेंबर्सबाई डगमगल्या नाहीत. एकेक गेम हस्तगत करीत त्यांनी ६–५ अशी आघाडी मिळविली, आणि पुढच्या गेममध्ये त्यांचे गुण ४० तर सुझानचे १५ झाले. याचा अर्थ असा, की चेंबर्सबाईंना फक्त एक गुण हवा होता, आणि तो मिळविण्याच्या दोन संधी त्यांच्या हाती होत्या. पहिल्या संधीच्या वेळी सुझान धावत पुढे आली. चेंडू तिच्या रॅकेटच्या तारांवर न बसता लाकडी कडेवर आदळला, आणि दैवयोगाने जाळ्यापलीकडे जाऊन पडला. एक संकट दैवाने टळले. परंतु दुसरे टाळण्यास दैव पुरेसे नव्हते. पुढच्या गुणासाठी सुझानने कचरून चेंडू नुसता परतविण्याचा मार्ग धरला नाही. उलट हाताने तिने तो वेगाने रेषेलगत मारला. गुण ४०–४० झाले. ड्यूस! ज्या नियमाने चेंबर्सबाईंना आणखी दोन गुण मिळविण्यास भाग पाडले, त्याच नियमाने सुझानला जीवदान दिले. तो गेम तिने जिंकला, आणि अखेर तिसरा सेट ९–७ असा घेऊन अजिंक्यपद मिळविले. एकंदर ४४ गेम खेळले गेले होते. विम्बल्डनच्या स्त्रियांच्या अंतिम सामन्यात एवढे गेम त्यापूर्वी कधीही झाले नव्हते.

पुढील वर्षी बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने झाले. तेथे एकेरीच्या पाच सामन्यांतील दहा सेटमध्ये मिळून सुझानने केवळ चार गेम गमावले आणि सुवर्णपदक मिळविले. मॅक्स देक्युजी यांच्यासह मिश्र दुहेरीतही तिला सुवर्णपदक लाभले. तिला हरविणारा कोणी उरलाच नाही, अशी तिची कीर्ती झाली. परंतु कीर्तीचे ओझेही असते.

१९२१ साली ती अमेरिकेस गेली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील प्रदेशांच्या साहाय्यासाठी निधी जमविणे, हा या प्रवासाचा एक उद्देश होता. वडील आजारी असल्याने बरोबर नव्हते. समुद्रप्रवासाने तिची प्रकृती बिघडली होती, आणि विश्रांतीस पुरेसे दिवस मिळाले नाहीत. प्रमुख खेळाडूंची पहिल्याच फेऱ्यांत गाठ पडू नये म्हणून त्यांना वेगवेगळ्या भागांत विभागून ठेवण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. त्यामुळे अमेरिकेची बलाढ्य विजेती मोला मॅलरी हिच्याशीच सुझानला आरंभी लढावे लागले. पहिला सेट मॅलरीने ६–२ असा जिंकला. दुसरा सुरू होताच सुझानला खोकल्याची उबळ आली. तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, आणि आपण पुढे खेळू शकत नाही, असे पंचांना सांगून तिने मैदान सोडले.

टेनिसचा नियम येथे निष्ठुर आहे. हरत आलेल्यास तो अखेरच्या गुणापर्यंत आधार देतो. मैदान सोडून जाणाऱ्यास तो काहीही देऊ शकत नाही. सामना मॅलरीस दिला गेला. प्रेक्षकांनी सुझानची निर्भर्त्सना केली. ती खरोखरीच आजारी होती, असे काहींनी मानले. पराभव सोसण्याचे धैर्य तिच्या अंगी नाही, असे इतर अनेकांनी म्हटले. कदाचित दोन्ही गोष्टींत काही तथ्य असेल. महायुद्ध संपल्यापासून १९२६ पर्यंत एकेरीच्या सामन्यात तिच्या वाट्यास आलेला हा एकमेव पराभव होय.

पुढील वर्षी विम्बल्डनची स्पर्धा नव्या, विशाल जागेत भरली, आणि विजेत्याने एकच सामना खेळण्याची जुनी पद्धतही त्याच वर्षी बंद झाली. आता विजेत्यासही पहिल्या फेरीपासून आपले पद पुन्हा मिळवावे लागणार होते. सुझान प्रत्येक फेरी जिंकत अंतिम सामन्यात पोहोचली, आणि तेथे तिच्यासमोर उभी होती तीच मोला मॅलरी. या वेळी सुझानने ६–२, ६–० असा विजय मिळविला. सामना अवघ्या २६ मिनिटांत आटोपला. १९१९ पासून १९२३ पर्यंत सलग पाच वर्षे विम्बल्डनचे अजिंक्यपद तिच्याकडे राहिले. १९२४ साली काविळीमुळे तिला स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. परंतु १९२५ साली ती परतली, ती पूर्वीपेक्षाही तेजस्वी होऊन. पाच सामन्यांत मिळून तिने फक्त पाच गेम गमावले आणि सहाव्यांदा अजिंक्यपद मिळविले.

याच सुमारास अमेरिकेत हेलन विल्स ही नवी खेळाडू उदयास आली होती. दोघींत श्रेष्ठ कोण, याविषयी वृत्तपत्रांत चर्चा चालू झाली. अखेर १६ फेब्रुवारी १९२६ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान या शहरी दोघींची गाठ पडली. विल्स वीस वर्षांची होती, सुझान सव्वीस वर्षांची. मैदानाभोवतीच्या जागा केव्हाच भरून गेल्या. ज्यांना आत जागा मिळाली नाही, ते आसपासच्या घरांच्या छपरांवर आणि झाडांवर चढून बसले.

पहिला सेट सुझानने ६–३ असा जिंकला. दुसऱ्यात विल्सने तिला चांगलेच झुंजविले. अखेरीस सुझान ६–५ अशी पुढे झाली, आणि तिचे गुण ४०, तर विल्सचे १५ झाले. सात वर्षांपूर्वी विम्बल्डनमध्ये चेंबर्सबाई याच आकड्यांवर उभ्या होत्या. आता त्या जागी सुझान होती. विल्सने चेंडू जोराने मैदानाच्या कडेला मारला. तो बाहेर गेल्याची आरोळी ऐकू आली. पंचांनी सामना संपल्याचे जाहीर केले. दोघींनी जाळ्यापाशी येऊन हस्तांदोलन केले. लोकांनी मैदानात गर्दी केली. पुष्पगुच्छ येऊ लागले.

इतक्यात त्या रेषेवर नेमलेले पंच लॉर्ड चार्ल्स होप गर्दीतून वाट काढीत मुख्य पंचांपाशी आले. चेंडू मैदानातच पडला होता, आणि ती आरोळी आपली नव्हे, कोणा प्रेक्षकाची होती, असे त्यांनी सांगितले. नियम स्पष्ट होता. प्रेक्षकाच्या शब्दाने गुण ठरत नाही. आणि चेंडू आत पडला असेल, तर तो गुण विल्सचाच. मुख्य पंचांनी निर्णय फिरविला. सामना संपलेला नव्हता. गुण ४०–३० झाले.

हातात आलेला विजय असा परत जावा, यासारखा मनाला हादरा देणारा प्रसंग क्वचितच येतो. सुझानची प्रकृती नाजूक होती, ती थकलेली होती, आणि अमेरिकेतील ती कटू आठवण तिच्या मनातून गेलेली नव्हती. ती वाद घालू शकली असती. आजारपणाचे कारण पुढे करून बाहेरही पडू शकली असती. परंतु तिने निर्णय मान्य केला आणि ती मुकाट्याने आपल्या जागी जाऊन उभी राहिली. पुढचा धक्काही तिने सोसला. कारण तो गेम विल्सने जिंकला आणि ६–६ अशी बरोबरी झाली. जो नियम पूर्वी तिला तारून गेला होता, तोच आता तिच्या प्रतिस्पर्ध्यास तारीत होता. पुन्हा आरंभापासून दोन गेमचे अंतर निर्माण करावयाचे होते. सुझानने ते केले. पुढील दोन्ही गेम जिंकून तिने सेट ८–६ असा घेतला. या खेपेस निर्णयाविषयी कोणालाही शंका उरली नाही. सामना संपल्यावर ती ढसढसा रडली. पण शेवटचा गुण जिंकण्यापूर्वी तिने मैदान सोडले नव्हते. एकेरीत त्या दोघी पुन्हा कधीही समोरासमोर आल्या नाहीत.

त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये मात्र एक दुःखद प्रसंग ओढवला. सामन्याच्या वेळेविषयी गैरसमज झाला आणि सुझान उशिरा पोहोचली. तिचा खेळ पाहण्यासाठी आलेल्या राणी मेरी यांना तिष्ठत बसावे लागले. वृत्तपत्रांनी व प्रेक्षकांनी तिला दोष दिला. मनस्ताप असह्य होऊन तिने स्पर्धेतून माघार घेतली, आणि विम्बल्डनच्या मैदानावर ती पुन्हा कधीही स्पर्धेसाठी उतरली नाही.

त्या काळी मोठ्या स्पर्धांत केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. खेळून पैसा मिळविणे कमीपणाचे मानले जाई. परंतु सुझानचा खेळ पाहण्यासाठी हजारो लोक तिकिटे काढीत, आणि ते उत्पन्न स्पर्धा भरविणाऱ्यांकडे जाई. जिच्या श्रमांवर हा व्यवहार चाले, तिला त्यातून काहीच मिळत नसे. ज्यांच्या घरी संपत्ती आहे, त्यांनीच खेळावे, असाच या नियमाचा व्यवहारात अर्थ होतो, हे तिने उघडपणे मांडले. १९२६ साली तिने एका अमेरिकन व्यवस्थापकाशी करार केला आणि ती धंदेवाईक खेळाडू झाली. अमेरिकेच्या दौऱ्यात तिने मेरी ब्राउन हिच्याशी ३८ सामने खेळले व ते सर्व जिंकले. याची किंमतही तिला मोजावी लागली. विम्बल्डनच्या क्लबने तिचे सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले, आणि मोठ्या स्पर्धांची दारे तिला बंद झाली. मैदानातील नियम तिने निमूटपणे पाळले होते. मैदानाबाहेरील जो नियम अन्यायाचा वाटला, तो मात्र तिने जुमानला नाही. या प्रश्नाचा निकाल लागण्यास साडेतीन तपांच्या आसपास काळ लोटला. १९६८ साली विम्बल्डन व इतर मोठ्या स्पर्धा सर्व खेळाडूंना खुल्या झाल्या. २००७ पासून तर विम्बल्डनमध्ये स्त्रियांना पुरुषांइतकेच पारितोषिक मिळू लागले.

स्पर्धांतून निवृत्त झाल्यावर सुझानने पॅरिस येथे टेनिसची शाळा चालविली. वडिलांपासून मिळालेली अचूकपणाची विद्या तिने मुलामुलींना मुक्तहस्ताने दिली. परंतु तिला फार आयुष्य लाभले नाही. रक्ताच्या असाध्य विकाराने ४ जुलै १९३८ रोजी तिचे निधन झाले. त्या वेळी ती अवघी एकोणचाळीस वर्षांची होती. दोनच दिवस आधी हेलन विल्सने विम्बल्डनचे आठवे अजिंक्यपद मिळविले होते.

सुझानच्या काळापासून स्त्रियांचे टेनिस झपाट्याने वाढत गेले. १९३४ साली पंडिता क्षमा राव यांची कन्या लीला राव हिने विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. आज फ्रान्सच्या अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांच्या एकेरीतील विजेतीस जो करंडक मिळतो, तो सुझान लाँग्लेन हिच्या नावाचा आहे, आणि पॅरिसमधील त्या स्पर्धेच्या एका मोठ्या मैदानासही १९९७ पासून तिचे नाव दिलेले आहे. त्या मैदानावर प्रत्येक सामना शून्यापासून सुरू होतो, आणि पुढे असलेल्या खेळाडूस आजही शेवटचा गुण स्वतः जिंकावा लागतो. अशा वेळी मन कसे स्थिर ठेवावे, हे कानच्या मैदानावर सुझानने दाखवून दिले होते. आणि एकदा मैदान सोडून गेल्याचे दुःख जिने भोगले, तिनेच ते दाखविले, हे विशेष होय.